वंध्यत्व : वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

विवाहाला दोन-तीन वर्षे झाली की आप्तेष्टांच्या चौकशा सुरू होतात. नवस, उपासतापास यांत आणखी काही वर्षे सरतात आणि डॉक्टरांकडे जाणे मागे पडते. हा विलंब महागात पडू शकतो. मुदत ठेव काळाबरोबर वाढते. स्त्रीबीजांचा साठा मात्र काळाबरोबर घटतो. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख असलेली बीजे वयात येईपर्यंत तीन-चार लाखांवर येतात, आणि पस्तिशीनंतर त्यांची संख्या व गुणवत्ता अधिक वेगाने खालावते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, कोणतेही संततिनियमन न करता नियमित शरीरसंबंध असूनही १२ महिन्यांत गर्भधारणा न झाल्यास त्यास वंध्यत्व म्हणतात. या संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. म्हणूनच यात लाजण्यासारखे काही नाही.

पत्नीचे वय ३५ पेक्षा कमी असल्यास एक वर्ष वाट पाहावी. ३५ किंवा अधिक असल्यास सहा महिने. चाळिशी ओलांडली असल्यास मुळीच थांबू नये. पाळी अनियमित असणे, पाळीत असह्य वेदना होणे, प्रजननमार्गाचा क्षयरोग वा ओटीपोटातील जंतुसंसर्ग होऊन गेलेला असणे, पूर्वी गर्भनलिकेत गर्भ राहिलेला असणे, अशा परिस्थितीत वयाचा विचार न करता लवकर सल्ला घ्यावा. पुरुषाला वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषणांना सूज आली असल्यास किंवा वृषणांची शस्त्रक्रिया झाली असल्यास हाच नियम लागू होतो.

'नियमित' या शब्दाकडे आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील दांपत्यांनी विशेष लक्ष द्यावे. बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्यापूर्वीचे पाच दिवस, एवढाच काळ गर्भधारणेस अनुकूल असतो. पती एका शहरी व पत्नी दुसऱ्या शहरी असल्यास हे दिवस सहज निसटतात. अशा वेळी दोष शरीराचा नसून अंतराचाही असू शकतो. डॉक्टरांना ही माहिती अवश्य द्यावी.

अपत्य नाही म्हणून केवळ सुनेला बोल लावणे अन्यायाचे तर आहेच, अशास्त्रीयही आहे. सुमारे निम्म्या दांपत्यांमध्ये पुरुषाशी निगडित कारण पूर्णतः वा अंशतः आढळते. वीर्यतपासणी सोपी, वेदनारहित व तुलनेने स्वस्त आहे. म्हणून ती प्रारंभीच करावी. पत्नीच्या साऱ्या तपासण्या आटोपल्यावर पतीने तयार होणे म्हणजे वेळ व पैसा दोन्हींचा अपव्यय होय. शरीरसौष्ठवासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्रजंतूंची निर्मिती थांबू शकते, हेही तरुणांनी ध्यानी ठेवावे.

सल्ला घेणे म्हणजे लगेच टेस्ट ट्यूब बेबी नव्हे. पुष्कळांना थायरॉईडवरील उपचार, बीज तयार होण्यासाठी गोळ्या किंवा योग्य मार्गदर्शन एवढेही पुरते. पुढील उपचारांची गरज भासल्यास केंद्राची २०२१ च्या केंद्रीय कायद्यान्वये नोंदणी आहे याची खात्री करावी. या कायद्याने अशा उपचारांसाठी स्त्रीला ५० व पुरुषाला ५५ वर्षांची वयोमर्यादा घातली आहे. खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि आरोग्यविम्यात हे उपचार समाविष्ट आहेत का, हे आधीच पाहावे.

पहिल्या भेटीस पती-पत्नी दोघांनी मिळून जावे. प्रश्न दोघांचा आहे. उत्तरही दोघांनीच शोधायचे आहे.