तरोट्याची भाजी आणि गरम भाकर

मृगाचा पाऊस पडला की विदर्भात धुऱ्यावर, पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. कोकणात यालाच टाकळा म्हणतात. तो कोणी पेरत नाही, त्याला मालक नाही. म्हणून तर ज्यांच्या नावावर कधी सातबारा नव्हता, त्यांच्या चुलीवर तो पिढ्यानपिढ्या शिजत आला. आमची आई दुसऱ्याच्या शेतात निंदण करून परतताना ओटीत तरोटा खुडून आणायची. तीच संध्याकाळची भाजी.

खरे सांगायचे तर या भाजीची आम्हाला लाज वाटत होती. शाळेत डब्याचे झाकण अर्धेच उघडून आम्ही जेवायचो. ‘गवत खातो’ असे एकदा वर्गातल्या कोणी म्हटले आणि गुरुजीही हसले. त्या दिवसापासून डबा नेणेच बंद केले. पुढे नोकरी लागली, शहरात घर झाले, आणि पोळी, पनीर, फ्लॉवर आले. तरोटा गेला.

गेल्या रविवारी बाजारात एक म्हातारी बाई ओल्या फडक्यावर तरोट्याचा ढीग मांडून बसली होती. कोवळी पाने, फूल यायच्या आतली. सगळाच ढीग घेतला. घरी आलो तर सहचारिणी महिला मंडळाच्या बैठकीला बुद्धविहारात निघालेल्या. ‘भाजी आणली तशी करा पण तुम्हीच,’ म्हणाल्या. समतेवर व्याख्याने देणाऱ्या माणसाला यावर काय उत्तर असणार?

मग आम्ही बसलो. पाने खुडली, तीन पाण्यांतून धुतली, बारीक चिरली. तुरीची डाळ आधीच भिजत घातली होती. तेलात ठेचलेला लसूण टाकला आणि घरभर तो वास पसरला तेव्हा आतल्या खोलीतली आई काठी टेकत स्वयंपाकघरात आली. कांदा, हिरवी मिरची, डाळ, मग पाने. कढई शिगोशीग भरली. आम्ही मिठाला हात घातला तशी ती ओरडली, ‘मीठ आत्ताच नोको टाकू, अरे. भाजी बसू दे पयले.’ पाहता पाहता ढीगभर भाजी मूठभर झाली. आधी मीठ घातले असते तर खारट झाली असती.

भाकरीने मात्र घाम काढला. आईचे म्हणणे, पीठ ताजे दळलेलेच पाहिजे. जुन्या पिठाची विरी जाते, भाकर थापताना फाटते. आम्ही सकाळीच गिरणीतून आणले होते, तरी पहिली फाटलीच, कारण पाणी कोमट घेतले होते. कढत पाण्यात पीठ मळून तळहाताने रगडले तेव्हा दुसरी जमली. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग आचेवर धरली. ती टम्म फुगली तेव्हा झालेला आनंद भरसभेतल्या टाळ्यांनीही आम्हाला कधी झाला नव्हता.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्वारी एकदम प्रतिष्ठित झाली. इकडे सोयाबीनने ज्वारीचे रान कधीच गिळले, आणि तणनाशकाने धुऱ्यावरचा तरोटाही जळतो. अस्सल मराठी जेवण म्हणून टीव्हीवर पुरणपोळी आणि साजूक तूप येते, आमची कढई येत नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलितांचे जेवण पुस्तकात आणले, तेही २०१५ साली. आणि २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेच्या हातचे अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. ज्या हातांनी देशाचे धान्य निंदले, कापले, पाखडले, त्याच हातांचा भात चालत नाही!

आईने भाकर चुरली, भाजी कालवली, कच्चा कांदा फोडला. जन्मभर तिने सगळ्यांना वाढले आणि शेवटी उरलेले खाल्ले. तव्यावरची गरम भाकर आपल्या ताटात कोणी वाढली, असे तिला आठवत नव्हते. तिने आणखी अर्धी मागितली. मग आणखी अर्धी.

सहचारिणी बैठकीहून परतल्या तेव्हा टोपल्यात एकच भाकर उरली होती, तीही पहिली, काठाला फाटलेली. त्यांनी ती मोडून खाल्ली, कढई पुसून घेतली आणि पुढच्या रविवारची बैठक किती वाजता आहे ते सांगितले.