चष्मा खिशात, गॉगल कपाळावर

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे संपादक मंडळाने "मराठी विभागासाठी काहीतरी दे" असं सांगितलं तेव्हा आधी घामच फुटला. कविता मला जमत नाही आणि प्रवासवर्णनं दरवर्षी ढीगभर येतात. मग ठरवलं, जे आपल्याला किंमत मोजून कळलं आहे त्यावरच लिहावं. विषय तसा रुक्ष आहे: चष्मा असणाऱ्यांनी संरक्षक गॉगल कसा निवडावा. पण मेसच्या रांगेत नजर टाकली की निम्मी रांग चष्मेवाली दिसते, मीही त्यातलीच. तेव्हा वाचणारे मिळतील अशी आशा आहे. भाषेच्या चुका सांभाळून घ्या.

माझं आजोळ थळचं. अलिबागच्या उत्तरेला, किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात ते गाव. मामाची नारळ-सुपारीची वाडी आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथे जमतो. मुंबईची मंडळी लाँचने मांडव्याला उतरून येतात. त्या वर्षी मुंबईच्या मावसभावंडांनी येताना स्प्रिंगची चार पिस्तुलं आणली होती. जत्रेत, दिवाळीच्या बाजारात मिळतात तीच. खटका ओढायचा, घोडा दाबायचा आणि ६ मिलिमीटरची पिवळी प्लॅस्टिकची गोळी सुटते.

जपानमध्ये १९७०च्या दशकात हौशी लोकांनी अशाच गोळ्यांवर एक खेळ उभा केला. त्याला एअरसॉफ्ट म्हणतात. त्यातल्या खऱ्या बंदुका आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण गोळी तीच, ६ मिलिमीटरची. आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोन टीम पाडल्या आणि वाडीत लपाछपीचं युद्ध सुरू केलं.

आम्ही अगदीच बेफिकीर नव्हतो. मामाने बजावलं होतं, "डोळ्यांवर काहीतरी घातल्याशिवाय खेळायचं नाही." मामा थळच्या आरसीएफच्या खत कारखान्यातून रिटायर झालेला. त्याच्या कपाटातून दोन-तीन जुने गॉगल निघाले. धाकट्या मावसभावाला चष्मा होता, नंबर उणे तीन. त्याच्या वाट्याला आलेला गॉगल चष्म्यावर बसेना. काड्या कानशिलावर रुतत होत्या आणि कडेने फट राहत होती. मग त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि नुसता गॉगल लावला. पाच मिनिटांत गॉगलवर वाफ धरली. आधीच नंबर, त्यात धुकं. समोर कोण आहे ते बघायला त्याने गॉगल कपाळावर सरकवला. त्याच क्षणी पोफळीच्या आडून मी गोळी झाडली.

"आई गं!" एवढंच ऐकू आलं.

त्याच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे पारदर्शक पटल आणि बुबुळ यांच्या मधल्या जागेत, रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी आठवडाभर पूर्ण विश्रांती सांगितली, डोकं उंच ठेवून झोपायचं, थेंब घालायचे, आणि डोळ्याचं प्रेशर पुन्हा पुन्हा तपासलं. दृष्टी परत आली, देवाची कृपा. पण अशा मारामुळे डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याच्या जागेला इजा झाली असेल तर पुढे कित्येक वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो. म्हणून त्याला आता दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते, आयुष्यभर. तो मला कधीच काही बोलला नाही. मावशीही नाही. पण दिवाळीत आकाशकंदील लावला की मला तो दिवस आठवतो.

त्यानंतर मी या विषयाचं जे वाचलं आणि मामाकडून जे ऐकलं, ते इथे देते आहे.

एवढ्याशा गोळीत काय असतं?

आपला डोळा हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. क्रिकेटचा चेंडू सुमारे ७ सेंटिमीटर जाडीचा, म्हणून तो लागला तर बराचसा मार भुवईचं आणि गालाचं हाड झेलतं. ६ मिलिमीटरची गोळी मात्र खोबणीत अलगद शिरते आणि सगळा मार बुबुळावर बसतो.

आता फर्स्ट इयरचं फिजिक्स. एअरसॉफ्टची नेहमीची गोळी ०.२० ग्रॅमची. ती सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर गतिज ऊर्जा होते १ जूल. पेंटबॉलची गोळी साधारण ३ ग्रॅमची आणि वेग ९० मीटरच्या आसपास. ऊर्जा १२ जूल! पेंटबॉलची गोळीही १७ मिलिमीटरचीच, म्हणजे तीही खोबणीत शिरते. आमची जत्रेतली पिस्तुलं या दोन्हींपेक्षा पुष्कळ दुबळी होती. तरी काय झालं ते वर सांगितलंच.

"पण मला चष्मा आहे ना!"

वर्कशॉपमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं. नेहमीचा चष्मा हा संरक्षक चष्मा नव्हे. एक तर त्याच्या काचा बहुधा सीआर-३९ नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. दिसायला छान, पण जोराच्या माराने तडकू शकतात, आणि तुकडे जातात ते डोळ्याकडेच. उणे नंबरची काच मधोमध सर्वांत पातळ असते, म्हणजे नेमकी डोळ्यासमोर. दुसरं म्हणजे फ्रेम. काच टिकली तरी ती फ्रेममधून मागे निसटू शकते. तिसरं, बाजूने, वरून, खालून सगळं उघडं.

संरक्षणासाठी काच हवी पॉलिकार्बोनेटची. ती मार खाऊन दबते, पण सहसा फुटत नाही. तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून वर कडक लेप असावा लागतो. नंबर जास्त असेल तर कडेने बघताना थोडी रंगीत झालर दिसते. ट्रायव्हेक्स नावाचं दुसरं मटेरियल आहे, त्यात झालर कमी आणि मजबुतीही चांगली. ते महाग असतं एवढंच.

गॉगलवरची अक्षरं वाचा

दुकानदार "अनब्रेकेबल आहे" म्हणतो त्यावर जाऊ नका. काचेवर आणि फ्रेमवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती बघा.

युरोपच्या ईएन १६६ या मानकात ६ मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी काचेवर मारून बघतात. 'एफ' अक्षर असेल तर वेग सेकंदाला ४५ मीटर, 'बी' असेल तर १२० आणि 'ए' असेल तर १९० मीटर. वही काढून ऊर्जा मोजा: एफ म्हणजे ०.८७ जूल, बी म्हणजे ६.२ जूल, ए म्हणजे १५.५ जूल. एअरसॉफ्टची गोळी १ जूलची. म्हणजे एफ कमी पडतो, बी हवा. आणि गंमत अशी, की कानावर काड्या असलेल्या चष्म्याच्या आकाराला या मानकात एफच्या वरचं अक्षर मिळतच नाही. बी हवा असेल तर पट्ट्याचा, चहूबाजूंनी बसणारा गॉगल किंवा फेसशील्ड घ्यावं लागतं. २०२१ मध्ये आलेल्या आयएसओ १६३२१ या मानकात ही अक्षरं बदलली आहेत, म्हणून अक्षर ओळखीचं नसेल तर वेग किती मीटरचा ते विचारा.

अमेरिकेचं मानक झेड ८७.१. नुसतं 'झेड८७' म्हणजे साधी कसोटी, पुढे अधिकचं चिन्ह असेल तर जोराच्या माराची. नंबरच्या संरक्षक चष्म्यावर 'झेड८७-२' असं लिहिलेलं असतं. आपल्या भारतीय मानकाचा क्रमांक आयएस ५९८३. कारखान्यासाठी तो ठीक. पण पेंटबॉलसाठी मात्र त्याच खेळासाठी बनवलेला, कान आणि तोंड झाकणारा मास्कच हवा. तिथे वर्कशॉपचा गॉगल चालत नाही.

चष्मेवाल्यांपुढचे पर्याय

पहिला, चष्म्यावरून घालायचा गॉगल. बाजारात याला ओटीजी म्हणतात. आतून खोल असतो आणि काड्यांसाठी दोन्ही बाजूंना खाचा असतात. सर्वांत स्वस्त आणि आपल्यासारख्यांना परवडणारा. फक्त तुमची फ्रेम लहान हवी. रुंद, फॅशनेबल फ्रेमवर कुठलाच ओटीजी नीट बसत नाही. जुना, छोट्या फ्रेमचा चष्मा ट्रंकेत पडला असेल आणि नंबर फारसा बदलला नसेल तर तो यासाठी राखून ठेवा.

दुसरा, गॉगलच्या आत नंबरच्या काचांची छोटी फ्रेम बसवायची. काड्याच नाहीत, त्यामुळे रुतणं नाही, फट नाही. नेहमी खेळणाऱ्याला हा उत्तम. पण तो त्या एकाच गॉगलला बसतो आणि आतली काच डोळ्याच्या जवळ असल्याने लवकर वाफ धरते.

तिसरा, नंबरचाच संरक्षक चष्मा, पॉलिकार्बोनेट काच आणि बाजूला झडपा. लेथवर, मशीन शॉपमध्ये रोज वापरायला सर्वांत सोयीचा. पण भोवतीच्या फटी पूर्ण बंद होत नाहीत, म्हणून गोळ्यांच्या खेळाला किंवा केमिकलला पुरेसा नाही.

चौथा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि वर साधा गॉगल. दिसतं झकास. पण लेन्स म्हणजे संरक्षण नव्हे, ती फक्त नंबर भागवते. मातीचे हात लेन्सला लावायचे नाहीत आणि चष्मा बरोबर ठेवायचा.

पाचवा, जाळीचा गॉगल. वाफेचा प्रश्नच नाही. पण गोळी फुटली तर तिचे बारीक तुकडे जाळीतून आत येऊ शकतात. माझं मत, नको.

वाफेचं काय करायचं?

धाकट्याचा डोळा दुखावला त्यात गॉगलच्या मजबुतीचा दोष नव्हता. गॉगल कपाळावर होता! त्याला तिथे नेलं ते वाफेने.

थळसारख्या किनाऱ्यावर हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे हवा आधीच जवळजवळ ओली. त्यात गॉगलच्या आत घाम आणि श्वास, तोही साधारण ३४ अंशांचा आणि पाण्याने भरलेला. काच त्याहून थंड, की लगेच थेंब. साध्या माणसाच्या गॉगलला आतून एकच बाजू वाफाळते. आपल्याला गॉगलची एक आणि चष्म्याच्या पुढच्या-मागच्या दोन, अशा तीन बाजू सांभाळायच्या असतात.

उपाय तीन. हवा खेळती ठेवणं: गॉगलला झरोके हवेत, पण सरळ भोकं नकोत. मामाच्या कारखान्यातल्या अमोनियासाठीच्या गॉगलला वळणाचे, झाकलेले झरोके असतात, हवा जाते पण शिंतोडा जात नाही. काच गरम ठेवणं: दुहेरी काचेचा गॉगल, मधल्या हवेमुळे आतली काच थंड पडत नाही. आणि थेंब होऊ न देणं: वाफरोधक लेपामुळे पाण्याचे थेंब न बनता पातळ थर पसरतो, त्यातून दिसतं. स्वतःच्या चष्म्यावर भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा एक थेंब पुसट चोळून मऊ कापडाने कोरडा पुसला तरी बराच वेळ चालतं. कंपनीने लेप दिलेल्या काचेवर मात्र हा प्रयोग नको, लेप जातो.

दुकानात काय करायचं

१. स्वतःचा चष्मा घालूनच गॉगल लावून बघा. चष्म्याची काच गॉगलला आतून टेकता कामा नये. टेकली तर बाहेरचा मार सरळ चष्म्यावर येतो.

२. भुवईपासून गालापर्यंत बोट फिरवा. करंगळी शिरेल अशी फट असेल तर परत ठेवा.

३. बोटाने गॉगल समोरून जोरात दाबा. चष्मा नाकावर रुतला तर खेळताना तो उतरणारच.

४. पट्टा लावून मान खाली घाला, जोरजोरात हलवा, जिना चढून-उतरून या. दहा मिनिटं काढू नका. दुकानदार हसला तर हसू दे.

५. घरी आल्यावर गॉगल पोत्यावर बांधून, तुम्ही खेळणार त्याच बंदुकीने जवळून गोळी मारून बघा. डोक्यावर लावून कधीही नाही! ज्या काचेवर मोठा ओरखडा किंवा तडा आहे ती टाकून द्या.

मामा या सगळ्याचं सार एका वाक्यात सांगतो: "जो गॉगल काढावासा वाटतो तो गॉगलच नव्हे." कारखान्यात त्याने तीस वर्षं हेच बघितलं. मजबूत पण टोचणारा गॉगल लोक मानेवर लटकवतात. साधा पण नीट बसणारा शिफ्टभर डोळ्यांवर राहतो.

आणि खेळाचा एकच नियम ठेवा. वाफ आली तर हात वर करायचा, मैदानाबाहेर जायचं, मगच गॉगल काढायचा. हात वर दिसला की सगळ्यांनी नळी जमिनीकडे करायची. हा नियम आमच्यात त्या दिवशी नव्हता.

इतकं करूनही डोळ्याला लागलंच, तर चोळू नका, दाबू नका. काही रुतलं असेल तर ओढून काढू नका. डोकं उंच ठेवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, "दिसतंय ना" म्हणून थांबू नका. लॅबमध्ये केमिकल उडालं तर मात्र उलट: आधी नळाखाली किमान १५-२० मिनिटं डोळा धुवायचा, मग डॉक्टर. अमोनिया, कॉस्टिक सोडा असे अल्कली डोळ्यात खोल शिरत जातात, तिथे एकेक सेकंद मोलाचा.

गेल्या दिवाळीत आम्ही पुन्हा थळला जमलो. धाकट्याने स्वतःच्या पैशांनी ओटीजी गॉगल आणला होता. पिस्तुलं नव्हती, मामाने ती केव्हाच भंगारात दिली. मी विचारलं, "मग हा कशाला?" तो म्हणाला, "ताई, फटाक्यांना." आणि चष्म्यावरून गॉगल चढवून तो अंगणात पाऊस लावायला गेला. संध्याकाळभर त्याने तो एकदाही काढला नाही. मी बघत होते.