घरी शॉकप बदलताना गाडीला आधार कसा द्याल?



दुधाचे कॅन, वाढ्याचा भारा, खताचे पोते, सगळा भार मोटारसायकलीच्या मागच्या बाजूवर येतो. मग शॉकप तेल गाळू लागतात आणि पुष्कळजण ते घरीच बदलतात. काम चार नटांचे, पण धोका गाडी उभी करण्यात आहे. साधी १०० सीसी गाडी ११० किलोच्या आसपास भरते. ती अंगावर आली तर ऐन तोडणीत पाय प्लास्टरमध्ये जायचा!

ध्यानात ठेवा, शॉकप सुटला की मागचे चाक धरणारा चिमटा मोकळा होतो. म्हणून गाडीचा भार फ्रेमवर हवा, चाकावर नको.

१) जमीन सपाट व पक्की हवी, मातीत स्टँड रुततो. डबल स्टँडच लावा, साइड स्टँडवर हे काम करूच नये.

२) पुढच्या चाकाला दोन्हीकडून पाचर द्या, म्हणजे गाडी स्टँडवरून उतरणार नाही.

३) मागच्या चाकाखाली फळी सरकवा, चाक नुसते टेकेल इतपतच. मग शॉकप ओढून काढताना गाडीला हिसके बसत नाहीत.

४) एका वेळी एकच बाजू सोडा, दुसरा शॉकप चिमटा धरून ठेवतो. बदलायचे मात्र दोन्ही.

मधोमध एकच शॉकप असलेल्या गाडीला चिमट्याखालचा स्टँड चालत नाही. शॉकप निघताच गाडी खाली बसते. फ्रेमला आधार देण्याची सोय नसेल तर सरळ गॅरेजला न्यावी. विटांची चळत लावू नये, वीट फुटते.

नट घट्ट आवळा, गाडी खाली घेऊन मागून दाबून बघा, आणि मगच पोते चढवा.

— ऊस विकास अधिकारी