बाळाच्या पोटात बाळ, की गाठ? व्याख्या बदलली की काय काय बदलतं



२०२५ च्या जानेवारीत आलेली बुलढाण्याची बातमी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. सरकारी रुग्णालयात एका गरोदर महिलेची सोनोग्राफी करताना तिच्या बाळाच्या पोटात आणखी एका गर्भासारखं काहीतरी दिसलं. वैद्यकात याला 'फीटस इन फीटू' म्हणतात, म्हणजे गर्भातला गर्भ. 'पाच लाख जन्मांत एक' हा आकडाही त्या बातम्यांमध्ये होता.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी अशा बातमीत पहिला प्रश्न विचारायचा तो हा: 'एक' कशाला म्हटलंय? आजचा लेख या एका प्रश्नावर आहे.

आधी जागा समजून घेऊ

मराठीत 'पोट' हा शब्द फार मोकळा आहे. जठर म्हणजे पोट, आतडी म्हणजे पोट, आणि गर्भाशयासाठीही आपण पोटच म्हणतो. त्यामुळे 'पोटात गाठ' म्हटल्यावर नेमकं कुठे, हे कळत नाही.

उदरपोकळीला आतून एक पातळ, गुळगुळीत अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम किंवा पर्युदर म्हणतात. या अस्तराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या बाजूला एक जागा असते. मूत्रपिंडं, महाधमनी, मोठी शीर हे सगळं तिथेच. फीटस इन फीटूच्या बहुतेक केसेसमध्ये गाठ याच जागेत सापडते. जन्मजात टेराटोमाही इथे होऊ शकतो, पण क्वचित. नवजात बाळांमध्ये तो जास्त करून माकडहाडाजवळ दिसतो. टेराटोमा म्हणजे अशी गाठ, जिच्यात केस, हाड, दात, चरबी, मेंदूसारखी ऊती असं वेगवेगळं साहित्य एकत्र आढळतं.

आता अडचण लक्षात आली का? जागा तीच, वय साधारण तेच, आणि दोन्हींत हाडं असू शकतात. मग हा अर्धवट वाढलेला जुळा भाऊ म्हणायचा, की बाळाची स्वतःचीच गाठ?

दोन गृहीतकं

पहिलं गृहीतक जुळ्याचं. एकाच फलित बीजापासून दोन भ्रूण तयार झाले, पण वाटणी असमान झाली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोठ्या भ्रूणाचं शरीर घडी घालून बंद होत असताना लहान भ्रूण आत ओढला गेला. तिथे मोठ्याच्या रक्तावर तो थोडा वाढला आणि थांबला.

दुसरं गृहीतक भरकटलेल्या पेशींचं. ज्या पेशींपासून पुढे बीजांडं किंवा शुक्राणू बनतात, त्या मूळ जननपेशी सुरुवातीला पीतक कोशाच्या भिंतीत असतात. साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात त्या आतड्याच्या कडेने, पाठीमागच्या पडद्यातून प्रवास करत जननग्रंथींच्या जागी पोहोचतात. काही पेशी वाटेतच राहिल्या तर त्यांच्यापासून गाठ बनू शकते. अशा बऱ्याच गाठी शरीराच्या मध्यरेषेवर का सापडतात, याचं उत्तर या प्रवासात मिळतं.

कण्याची कसोटी

१९५० च्या दशकात रुपर्ट विलिस या विकृतिशास्त्रज्ञाने एक कसोटी मांडली: गाठीत पाठीचा कणा आणि त्याच्याभोवती जागच्या जागी मांडलेले अवयव असतील, तर तो गर्भ. नसतील तर टेराटोमा. यामागचा तर्क चांगला आहे. कणा तयार व्हायला भ्रूणाला डोकं कुठे, पाय कुठे, मध्यरेषा कुठली हे आधी ठरवावं लागतं. नुसत्या गाठीला असा आराखडा नसतो.

पण कसोटी वापरायला घेतली की प्रश्न सुरू होतात. काही केसेसमध्ये एक्स-रेवर किंवा सीटी स्कॅनवर कणा दिसत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर सापडतो. उलट, काही टेराटोमांतही मणक्यासारखे भाग मिळालेत. म्हणून रोवेना स्पेन्सर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दोन गोष्टींकडे वेगळ्या पेट्या म्हणून न बघता एकाच पट्ट्यावरच्या जागा म्हणून बघावं, अशी मांडणी केली.

याचा आकड्याशी काय संबंध? कण्याची अट कडक धरली तर काही केसेस गळतात. सैल केली तर काही टेराटोमा आत येतात. छेदातले जन्म तेवढेच राहतात, पण अंश बदलतो. म्हणून 'पाच लाखांत एक' वाचताना व्याख्या कुठली वापरली हे बघायचंच.

'डीएनए तपासा की!'

व्हायवात हे उत्तर हमखास येतं. थोडं थांबून विचार करा. एकाच बीजाचा जुळा असेल तर गाठीचा डीएनए बाळाशी जुळणार. बाळाच्याच पेशींपासून, अर्धसूत्री विभाजन होण्याआधीच गाठ बनली असेल, तरीही डीएनए बाळाशी जुळणार! दोन्ही गृहीतकं एकच निकाल सांगतात. मग चाचणी कितीही महागडी असो, या प्रश्नावर ती मुकी आहे.

जिथे दोन गृहीतकांचे निकाल वेगळे येतील, अशी जागा शोधावी लागते. जीनोमिक इम्प्रिंटिंग ही तशी एक जागा आहे. काही जनुकांवर 'आईकडून आलं' किंवा 'वडिलांकडून आलं' अशी रासायनिक खूण असते. जननपेशींमध्ये ही खूण प्रवासाच्या सुमारास पुसली जाते. जुळ्या भ्रूणाच्या शरीरपेशींत मात्र ती शाबूत असायला हवी. प्रयोग आखताना पहिला कागद इथेच खर्च करा: दोन रकाने पाडा आणि प्रत्येक गृहीतक काय निकाल सांगतं ते समोरासमोर लिहा.

नावाने रुग्णाचं काय बिघडतं?

बिघडू शकतं. टेराटोमात कर्करोग दडलेला असू शकतो, म्हणून गाठ काढल्यावरही मुलाला तपासणीला बोलावतात. आता 'हा तर जुळा, गाठ नव्हेच' असं म्हटलं की आपोआप निर्धास्त व्हायला होतं. पण १९९७ मध्ये 'जर्नल ऑफ पेडियाट्रिक सर्जरी'त अशी एक केस छापून आली, जिच्यात फीटस इन फीटू काढल्यानंतर कर्करोगाची गाठ पुन्हा उद्भवली होती. एका केसवरून धोक्याचं प्रमाण काढता येत नाही. मात्र 'असं कधीच होत नाही' हे विधान खोडायला एक केस पुरते. केस रिपोर्टचं खरं बळ हेच.

म्हणून गाठ आवरणासकट पूर्ण काढायची आणि पुढे सोनोग्राफी व रक्तातल्या अल्फा-फीटोप्रोटीनवर, म्हणजे एएफपीवर लक्ष ठेवायचं, असा सल्ला दिला जातो. इथेही एक सापळा आहे. मोठ्या माणसात एएफपी प्रति मिलिलिटर दहा नॅनोग्रॅमच्या आत असतं. निरोगी नवजात बाळात मात्र सरासरी सुमारे ४८,००० असतं! दोन महिन्यांपर्यंत ते काहीशेवर उतरतं आणि आठ महिन्यांनंतर मोठ्यांच्या पातळीजवळ येतं. त्यामुळे आठवड्याभराच्या बाळाचा २०,००० हा रिपोर्ट बघून एकट्या आकड्यावरून घाबरायचं कारण नाही. वर्षाच्या बाळात ५०० आलं तर मात्र लगेच शोध घ्यायला हवा. वयाशिवाय हा आकडा वाचताच येत नाही, आणि एका रिपोर्टपेक्षा तो उतरतोय की चढतोय हे जास्त बोलतं.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमचा विषय माती असो, मासे असो की मशीन लर्निंग, सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा वहीत तीन ओळी लिहा. मी काय मोजतोय किंवा मोजतेय, त्याची व्याख्या काय? माझी चाचणी कुठल्या दोन शक्यतांमध्ये फरक करते? आणि व्याख्या चुकली तर किंमत कोण मोजणार? या विषयात तिसऱ्या ओळीत एक तान्हं बाळ आहे. तुमच्या विषयात कोण आहे, ते गाइडकडे जाण्याआधी लिहून ठेवा.

काही अडलं तर जरूर विचारा. भेटू पुढच्या लेखात!