आठव्या महिन्याचें मूल आणि त्याचें फुप्फुस

सातव्या महिन्याचें मूल जगतें, पण आठव्याचें जगत नाहीं, हा समज वऱ्हाडांत घरोघरीं वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकूं येतो. आणि सुशिक्षित कुटुंबें त्यापासून अगदीं मुक्त आहेत असें आम्हांस म्हणवत नाहीं. समज फार जुना आहे. आठव्या महिन्यांत ओज स्थिर नसतें, म्हणून त्या वेळीं जन्मलेलें मूल वांचत नाहीं, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथसंग्रहांतहि आठव्या महिन्याच्या मुलाविषयीं स्वतंत्र विवेचन आढळतें. दोन दूरदेशींच्या विद्वानांचें असें एकमत पाहून त्यांत तथ्य असावें असें कोणासहि वाटेल. परंतु या समजाची परीक्षा करावयाची, तर जन्मतांच ज्या इंद्रियाची पहिली कसोटी लागते, तें फुप्फुस गर्भांत कसें घडतें हें पाहिलें पाहिजे.

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यांत, भ्रूण तांदळाच्या दाण्याहूनहि लहान असतांना, त्याच्या अन्नमार्गाच्या पुढील अंगास एक कळी फुटते. ही फुप्फुसाची सुरुवात. कळी दुभंगून दोन फांद्या होतात. पांचव्या आठवड्यांत उजवीकडे तीन व डावीकडे दोन उपशाखा दिसूं लागतात. पुढें फांदीस फांदी फुटत सुमारें सोळाव्या आठवड्यापर्यंत श्वासनलिकांचा मुख्य वृक्ष पुरा होतो. मात्र या वृक्षाला अद्याप पानें नसतात. हवा आणि रक्त यांची भेट जेथें व्हावयाची, ते वायुकोश अजून दूर असतात.

रक्तवाहिन्या या वृक्षावर मागाहून चढविल्या जातात असें मात्र नव्हे. पहिल्या कळीभोंवतींच सूक्ष्म वाहिन्यांचें जाळें असतें. कळीभोंवतालच्या पेशी एक रासायनिक द्रव्य सोडून तिला वाढीची दिशा देतात, तर कळीच्या पेशी दुसरें द्रव्य सोडून रक्तवाहिन्यांस आपल्याकडे ओढतात. येथें वेल मांडवावर चढते आणि मांडवहि वेलीच्या आधारानें वाढतो. प्राण्यांवरील प्रयोगांत रक्तवाहिन्यांची वाढ औषधानें अडविली असतां वायुकोशहि कमी झाले. मोठ्या रक्तवाहिन्या श्वासनलिकांच्या वाढीस अनुसरतात आणि सूक्ष्म वाहिन्या वायुकोशांच्या वाढीस, असा नियम लिन रीड या विदुषीनें १९६७ सालीं मांडला. फुप्फुस हें रक्ताच्या फेसापासून झालें, असें सुश्रुतानें म्हटलें आहे. त्याच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. तरी रक्त आणि हवेचे बुडबुडे यांची सांगड त्यानें घातली, याचें कौतुक वाटतें.

सतराव्या आठवड्यापासून केशवाहिन्या नळ्यांच्या टोंकांस अधिकाधिक बिलगतात व मधला पडदा पातळ होत जातो. सुमारें चोविसाव्या आठवड्यापासून कांहीं पेशी सर्फॅक्टंट नांवाचा एक स्निग्ध पदार्थ तयार करूं लागतात. ओल्या कांचा एकमेकींस चिकटतात, तशा वायुकोशांच्या ओल्या भिंती श्वास सोडतांना मिटूं पाहतात. हा पदार्थ त्यांस मिटूं देत नाहीं. तो पुरेसा होण्यास बहुधा चौतीस-पस्तीस आठवडे लागतात.

आतां समजाचा निकाल लागतो. फुप्फुसाची तयारी सातव्या महिन्यापेक्षां आठव्यांत अधिक, आणि आठव्यापेक्षां नवव्यांत अधिक असते. मध्येंच मागें सरण्याची अवस्था तिला नाहीं. म्हणून आठव्या महिन्याच्या मुलाची आशा सातव्याच्या मुलाहून अधिकच असते. जुन्या समजानें दुहेरी हानि होते: आठव्याच्या मुलाविषयीं हात टेकले जातात आणि सातव्याच्या मुलाविषयीं भलताच विश्वास वाटतो.

आठव्या महिन्याचीं मुलें दगावत नसत असें मात्र नाहीं. ऑगस्ट १९६३ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपांच आठवडे आधीं जन्मला आणि फुप्फुसाच्या अपक्वतेमुळें सुमारें एकोणचाळीस तासांत गेला. सर्फॅक्टंटचा अभाव हें या रोगाचें मूळ, हें मेरी एलेन एव्हरी व जेरी मीड यांनीं १९५९ सालींच दाखविलें होतें. उपाय मात्र हातीं नव्हता. १९७२ सालीं न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनीं मातेस प्रसूतीपूर्वीं स्टिरॉइडचें इंजेक्शन दिल्यास मुलाचें फुप्फुस लवकर पक्व होतें हें सिद्ध केलें, आणि १९८० सालीं जपानचे फुजिवारा यांनीं सर्फॅक्टंट थेट मुलाच्या श्वासनलिकेंत घालून यश मिळविलें.

हे उपाय आज दूरच्या देशांपुरते राहिलेले नाहींत. यवतमाळ येथें १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरून किंवा पैनगंगेकांठच्या खेड्यांतून तेथें पोंचेपर्यंत मोलाचे तास जातात. म्हणून भारत सरकारनें २०१४ सालीं ठरविलें कीं, चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्यास उपकेंद्रांतील नर्सबाईनें डेक्सामेथासोनचें पहिलें इंजेक्शन देऊन मगच गरोदर बाईस पुढें पाठवावें. बारा-बारा तासांनीं चार इंजेक्शनें, असा हा क्रम असतो. औषधाचा गुण येण्यास वेळ लागतो. म्हणून पोट वरचेवर आवळून येणें, कंबर भरून येणें किंवा अंगावरून पाणी जाणें यांपैकीं कांहींहि दिसतांच १०८ क्रमांकास बोलवावें, "सकाळपर्यंत पाहूं" असें म्हणूं नये.

मूल जन्मल्यावर तें कण्हूं लागलें, बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जाऊं लागला, किंवा मिनिटास साठांहून अधिक श्वास होऊं लागले, तर तेंहि तांतडीचेंच समजावें. वाटेंत त्यास आईच्या उघड्या छातीशीं धरून ऊब द्यावी. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे: विदर्भांत खर्रा फार बोकाळला आहे, आणि गरोदरपणीं तंबाखू खाल्ल्यानें मूल दिवस भरण्यापूर्वीं व कमी वजनाचें जन्मण्याचा धोका वाढतो.

बहुतेक वायुकोश जन्मानंतरच, बालपणाच्या पहिल्या कांहीं वर्षांत तयार होतात. तेव्हां आधीं जन्मलेल्या मुलाचें फुप्फुस घरांतहि घडतच असतें. त्या घरांत चुलीचा धूर आणि विडी नसावी, हें पाहणें सर्व कुटुंबाचें काम आहे. महिना कोणता, हें विचारावें तें घाबरण्यासाठीं नव्हे, तर उपचाराची वेळ ठरविण्यासाठीं.