हू, विच की दॅट? बिबट्याचा अर्ज आणि एक स्वल्पविराम

एसटीत रेंज गेली की एपिसोड अडकतो, त्यामुळे या भागाचं हे लिखित रूप. इंग्रजी उदाहरणंही देवनागरीतच लिहिली आहेत. जमलं तर ती मोठ्याने वाचा, लवकर डोक्यात बसतात.

मंचरहून एका श्रोत्याने विचारलंय: "हू, विच, दॅट यातलं कुठे काय वापरायचं? शाळेत पाठ केलं होतं, पण अर्ज लिहायला बसलं की गोंधळ होतो."

गोंधळ होतो, कारण आपली मराठी वेगळाच प्रश्न विचारते. आपण बघतो लिंग. जो बिबट्या आला, जी शेळी गेली, जे वासरू वाचलं. इंग्रजीला इथे लिंगाशी काही देणंघेणं नाही. तिचा पहिला प्रश्न एवढाच, की माणूस आहे की नाही? माणूस असेल तर हू, बाकी सगळ्यांना विच, आणि दॅट दोन्हीकडे चालतं. म्हणजे बिबट्या, शेळी, वासरू तिन्ही विच किंवा दॅट. घाटात पळणाऱ्या, नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरच्या बैलाला मात्र लाडाने हू म्हटलं तरी इंग्रजी चालवून घेते.

इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे आणि तो शाळेत घाईघाईत उरकला जातो: ही माहिती ओळख पटवण्यासाठी दिली आहे, की नुसती जादा म्हणून?

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न किती महागात पडू शकतो, बघा. उसात बिबट्या आहे, गावात भीती आहे, आणि तुम्ही वनखात्याला इंग्रजीत मेल लिहिताय. मनातलं मराठी वाक्य असं: "माणसांवर हल्ला करणारे बिबटे पकडा." आता याची दोन इंग्रजी वाक्यं होतात.

पहिलं: "लेपर्ड्स दॅट अटॅक पीपल शुड बी कॉट." स्वल्पविराम नाही. अर्थ: जे बिबटे हल्ला करतात, तेवढेच पकडा.

दुसरं: "लेपर्ड्स, विच अटॅक पीपल, शुड बी कॉट." दोन स्वल्पविराम. अर्थ: बिबटे माणसांवर हल्ला करतातच, म्हणून सगळेच पकडा.

दोन स्वल्पविरामांनी तालुक्यातला प्रत्येक बिबट्या पिंजऱ्यात घातला! एवढे माणिकडोहच्या निवारा केंद्रात मावायचे कुठे? आणि बिबट्या पकडायचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. तिथे विचार होतो तो माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याचा, अख्ख्या जातीचा नाही. म्हणजे तुमच्या कामाचं वाक्य पहिलं.

गंमत अशी, की आपलं "हल्ला करणारे बिबटे" दोन्ही अर्थांनी वाचता येतं. मराठीत आपण संदर्भावर भागवतो, कारण गावातल्या माणसाला काय म्हणायचंय ते कळतं. इंग्रजी तसं भागवू देत नाही. म्हणून माझा सल्ला: भाषांतर करण्याआधी "-णारे", "-लेले" मोडून जो-तो करून बघा. "जे बिबटे हल्ला करतात, ते पकडा" असं म्हणता आलं की स्वल्पविराम नको, आणि दॅट डोळे झाकून वापरा. "बिबटे हल्ला करतात, त्यांना पकडा" अशी दोन वाक्यं होत असतील तर स्वल्पविराम आणि विच.

मग बिनस्वल्पविरामाचं विच चूक का? नाही. अमेरिकन संपादक तिथे दॅटचाच आग्रह धरतात, ब्रिटिश लिखाणात दोन्ही सापडतात. पण उलटं करू नका. स्वल्पविरामानंतरच्या जादा माहितीला दॅट लावायचं नाही, हे दोन्हीकडे पक्कं.

आणखी एक उदाहरण खोडदच्या जीएमआरटीचं. तिथल्या रेडिओ दुर्बिणीला एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. "दि अँटेनाज, विच आर फॉर्टी-फाइव्ह मीटर्स वाइड" म्हटलं तर सगळ्या ३० आल्या. "दि अँटेनाज दॅट आर इन द सेंटर" म्हटलं की फक्त १४. शिवनेरी तर एकच आहे, त्याची ओळख पटवावी लागत नाही. म्हणून "शिवनेरी, व्हेअर शिवाजी महाराज वॉज बॉर्न" इथे स्वल्पविराम हवाच. आणि व्हेअर कधी? मराठीत "जिथे" बसलं तर. "जो किल्ला आम्ही पाहिला" इथे "जिथे" बसत नाही, तिथे विच किंवा दॅट.

आता हू आणि हूम. क्लासमध्ये सांगतात, "ज्याला" आलं की हूम. हे सूत्र आपल्याला फसवतं. "ज्याला बिबट्या दिसला तो शेतकरी" याचं इंग्रजी काय? "द फार्मर हू सॉ द लेपर्ड." हूम नाही! कारण इंग्रजीत शेतकरी बघतो, आणि मराठीत त्याला दिसतं. ज्याला भूक लागली, ज्याला आवडतं, ज्याला माहीत आहे, ही सगळी माणसं इंग्रजीत हू होतात. त्यामुळे "ला" बघू नका, पुढचा शब्द बघा. लगेच क्रियापद आलं तर हू. मध्ये दुसराच कर्ता आला तर हूम: "द फार्मर हूम द लेपर्ड अटॅक्ट." बोलताना इथेही लोक सर्रास हू म्हणतात, किंवा शब्दच गाळतात: "द फार्मर द लेपर्ड अटॅक्ट." आपल्या कानाला हे अर्धवट वाटतं, कारण मराठीत "जो" नुसता उडवून टाकता येत नाही. इंग्रजीत ते अगदी शुद्ध आहे.

आणि तो "तो"! आपल्याकडे जो आला की मागून तो येतोच. त्या सवयीने "द फार्मर हू सॉ द लेपर्ड, ही कॉल्ड मी" असं लिहिलं जातं. ते "ही" काढा. हू आला तिथे त्याचं काम झालं.

आता गृहपाठ. अष्टविनायकांपैकी दोन, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर, जुन्नर तालुक्यात. एका ब्लॉगसाठी तुम्ही लिहिताय: "दि अष्टविनायक टेंपल्स, विच आर इन जुन्नर, आर वर्थ अ व्हिजिट." मोरगाव, सिद्धटेक आणि पालीची माणसं या वाक्यावर का चिडतील, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. दुरुस्त केलेलं वाक्यही त्यातच म्हणून दाखवा.