दादरा, केरवा आणि लसावि

शाळेतली कला म्हटली की स्नेहसंमेलनातला नाच, भिंतीवरचे तक्ते आणि आठवड्यातला चित्रकलेचा तास डोळ्यांपुढे येतो. गणित मागे पडलं की हा तासही गणितालाच जातो. वाडीवस्तीवरच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तर या तासाला वालीच नसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. कलेसाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर गेला तरच. म्हणजे वीस-पंचवीस मुलांच्या शाळेला कलाशिक्षक मिळण्याची तरतूदच कायद्यात नाही. अशा शाळेपुढे दोनच वाटा उरतात: कलेवर पाणी सोडायचं, नाहीतर ती भाषा-गणिताच्या तासात आणायची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुसऱ्या वाटेचा आग्रह धरला आहे. पण धोरण सांगतं म्हणून नव्हे, तर छोट्या शाळेत विषय पक्का करण्याचा तो एक चांगला मार्ग आहे म्हणून ही वाट धरावी.

मात्र धड्याला चिकटवलेली कला वेगळी आणि धडा ज्यावर उभा राहतो ती कला वेगळी. मोरावरची कविता झाली की मोर रंगवायला देणं ही पहिली. रंगवला नाही तरी कवितेचं काही अडत नाही. दुसरीचा नमुना लसाविच्या धड्यात सापडतो. मुलांचे दोन गट करायचे. एकाने दादऱ्याच्या सहा मात्रा मोजायच्या, दुसऱ्याने केरव्याच्या आठ, आणि दोघांनीही समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, तेवढी टाळी द्यायची. लय एकच ठेवून दोघांनी बरोबर सुरुवात केली की टाळ्या लगेच फुटतात, मागेपुढे पडत राहतात आणि पंचविसाव्या मात्रेला पुन्हा एकत्र येतात. दादऱ्याची चार आवर्तनं झालेली असतात, केरव्याची तीन. केरव्याच्या जागी सात मात्रांचा गट आणला की ही भेट ४२ मात्रांनंतर होते. सात ही आठापेक्षा लहान संख्या, मग भेट लांबली का? हा प्रश्न मुलांनीच विचारला की सामाईक विभाजकाची गोष्ट फळ्यावर आणायची वेळ झाली. इथे टाळी काढून टाकली तर धडाच उरत नाही. वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून उभा राहतो. तो मोठा काढायचा तर दोन्ही त्रिकोण एकाच प्रमाणात वाढवावे लागतात, हेही गणितच.

‘अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कधी करायचं?’ हा आक्षेप खरा आहे, पण तो जादा तास धरून चालतो. हे काम त्याच धड्याच्या वेळेत, चौथ्यांदा तीच उदाहरणं गिरवण्याऐवजी करायचं आहे. शिवाय एका खोलीत तीन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंना एका वर्गाशी बोलताना बाकीच्यांना काहीतरी द्यावंच लागतं. ते बहुतेकदा पुस्तकातून उतरवून काढणं असतं. त्याऐवजी ठिपक्यांची रांगोळी आखून तिच्यातली सममिती शोधायला दिली, तर मुलं गुंततात आणि डोकंही चालतं. ‘आम्हाला कला येत नाही’ असं सांगणाऱ्या शिक्षकांना मैफल गाजवायची नसते. मात्रा मोजता आल्या तरी पुरतं. गावात भजनी मंडळ असेल तर पखवाज वाजवणाऱ्या बुवांना तासभर शाळेत बोलवता येतं.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. कलेने गुण वाढतात, अशी जाहिरात सर्रास होते. एलेन विनर आणि लोइस हेटलँड या संशोधकांनी २००० मध्ये अर्धशतकातल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा कलाशिक्षणामुळे एकूण शालेय गुण वाढतात, या दाव्याला भक्कम आधार सापडला नाही. पण वर्गातल्या नाट्यीकरणाने भाषेची कौशल्यं सुधारतात, याला मात्र सापडला. यातून घ्यायचा धडा एवढाच, की कुठली कला कुठल्या विषयाला लागू पडते हे नेमकं बघावं. पाठातला प्रसंग उभा करणाऱ्या मुलाला कोण कुणाशी का आणि कुठल्या सुरात बोलतं, हे ठरवावंच लागतं. म्हणजे पाठ समजून वाचावा लागतो.

या सगळ्यात कलेची मोलकरीण होण्याचा धोका आहेच. म्हणून आठवड्यातला एखादा तास कुठल्याही विषयाला न जुंपता, मूल हवं ते काढील, गाईल, असा राखलाच पाहिजे. वरच्या कार्यालयांनी उपक्रमाचे फोटो ग्रुपवर मागवणं थांबवावं, कारण फोटोत चिकटवलेली कलाच छान दिसते. त्याऐवजी आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दर महिन्याला एकाच धड्याची चर्चा व्हावी: कोणती कला वापरली, ती नसती तर काय अडलं असतं आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले. यासाठी जादा निधी लागत नाही की जादा शिक्षकही लागत नाही. त्यामुळे छोट्या शाळेला ते आजच सुरू करता येईल.